मॅरेथॉनचा सराव, नोकरी आणि घर सांभाळताना मन एका जागी कसे ठेवावे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपण नागपूरच्या मिहान औद्योगिक परिसरातील एका कंपनीत नोकरी करता, घरी तीन वर्षांची मुलगी आहे आणि जानेवारीत मुंबईला आयुष्यातील पहिली पूर्ण, म्हणजे 42 किलोमीटरची, मॅरेथॉन धावण्यासाठी आपण नाव नोंदवले आहे. धावताना ऑफिसचे विचार येतात, ऑफिसात धावण्याचे येतात आणि संध्याकाळी मुलीशी खेळतानाही हात मोबाइलवरील सरावाच्या ॲपकडे जातो, असे आपण लिहिले आहे. त्यातच डिसेंबरमधील ज्या रविवारी 30 किलोमीटरची लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, आहे, त्याच दिवशी अमरावतीला मामेबहिणीचे लग्न आहे. हे सगळे सांभाळून हातातल्या क्षणात कसे राहावे, असा आपला प्रश्न आहे.

मीही नागपूरचीच. एका सरकारी कार्यालयात नोकरी करते, घरी पती, दहावीतला मुलगा आणि सासूबाई आहेत, आणि गेली बरीच वर्षे मी धावते आहे. या सगळ्यातून माझे जे मत बनले आहे ते असे की, मॅरेथॉनच्या सरावात प्रत्यक्ष धावण्यापेक्षा धावण्याबद्दलचा विचारच दिवसाचा जास्त भाग खाऊन टाकतो. साधा हिशेब करून पाहा. पहिल्या मॅरेथॉनसाठी आठवड्याला सरासरी 50 किलोमीटर धरले आणि किलोमीटरला 7 मिनिटे लागतात असे मानले, तर आठवड्याच्या 168 तासांपैकी धावण्यात जातात जेमतेम सहा तास. आज जावे की उद्या, पाऊस आला तर काय, कालची पेस (धावण्याचा वेग) कमी का पडली, गुडघा दुखतो आहे तो नेहमीचाच की वेगळा, शेजारच्या ग्रुपमधल्या कोणी किती केले, हा विचार मात्र दिवसभर चालू राहतो. मुलीसमोर बसलेले असताना आपल्याला तिच्यापासून दूर नेतो तो हाच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, निर्णय आठवड्यातून एकदाच घ्यावेत आणि मग त्यांना हात लावू नये. 2011 मध्ये ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांतून दाखवले की, अपुरे राहिलेले उद्दिष्ट दुसरे काम करताना मध्येमध्ये डोके वर काढत राहते. मात्र ते केव्हा आणि कसे पुरे करायचे याचा नेमका बेत एकदा ठरला, की प्रत्यक्षात काहीही झालेले नसताना मनाचा तगादा थांबतो. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. आमच्या घरी रविवारी संध्याकाळी चहा झाल्यावर एक कागद भरला जातो आणि तो फ्रिजवर लावला जातो. त्यावर आधी पेनाने घरातल्या गोष्टी लिहिल्या जातात: मुलाची शिकवणी, सासूबाईंची डॉक्टरकडची तारीख, पतींचा दौरा, कोणाकडचे बारसे. त्यानंतर उरलेल्या जागेत पेन्सिलने धावणे लिहायचे, तेही मोघम न लिहिता पूर्ण: मंगळवार, पहाटे सव्वापाच, फुटाळा तलावापर्यंत आणि परत, 8 किलोमीटर, सावकाश. 'मंगळवारी जमल्यास' असे लिहिलेले असेल तर सोमवारची अख्खी संध्याकाळ त्या 'जमल्यास'मध्ये जाते. ठिकाण, वेळ आणि अंतर लिहून झाले की सोमवारी रात्री मुलाच्या गणितासमोर मी निवांत बसू शकते.

आता आपण म्हणाल की नोकरी कागदाप्रमाणे चालत नाही. मान्य आहे. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन. 1953 च्या नागपूर कराराच्या अनुषंगाने हे अधिवेशन येथे भरते आणि त्या काळात सिव्हिल लाइन्सचे रूपच पालटते. रस्तोरस्ती बॅरिकेड, मोर्चे, गाड्यांचे ताफे. बाहेरच्याला एवढेच दिसते. आत आमच्या टेबलावर आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना उत्तरासाठी येऊन पडतात, 'माहिती तात्काळ सादर करावी' असा निरोप रात्री नऊला येतो, चार तालुक्यांतून आकडे मागवायचे असतात, त्यातल्या एका तालुक्याचे आकडे जुळत नाहीत, आणि घरी पोहोचेपर्यंत सगळे झोपलेले असतात. मुंबईची मॅरेथॉन साधारणपणे जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असल्यामुळे सरावाचे सर्वांत जड आठवडे नेमके याच काळात येतात. रजा मिळत नाही आणि मागूही नये. यावर मी धरलेला मार्ग असा: जड आठवडे जितके आधी घेता येतील तितके नोव्हेंबरमध्येच उरकायचे. तेव्हा ऑक्टोबर हीट सरलेली असते, पहाटे गारवा असतो आणि त्यासारखे धावण्याचे दिवस नागपुरात वर्षभरात दुसरे नाहीत. अधिवेशनाच्या आठवड्यांसाठी फक्त तीन धावा लिहायच्या: एक लांब, एक थोडी वेगाची, एक सावकाश. शरीराने कमावलेला दम चार-सहा दिवसांच्या खंडाने जात नाही. तो जाणवण्याइतका कमी व्हायला साधारण दहा ते चौदा दिवसांची पूर्ण विश्रांती लागते. आपल्या कंपनीतही असे आठवडे असतीलच, महिनाअखेरचे किंवा एखाद्या मोठ्या कामाच्या मुदतीचे. ते कॅलेंडरवर आजच खुणा करून ठेवा.

दिवसाला एकच सराव, तोही नोकरी सांभाळून, पुरेल का अशी शंका आपल्याला असेल तर जपानच्या युकी कावाउचीचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो सायतामा प्रांतात एका शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ सरकारी नोकरी करत असे, त्यामुळे व्यावसायिक धावपटूंसारखा दिवसातून दोनदा सराव त्याला शक्य नव्हता. 2018 च्या एप्रिलमध्ये, थंड पाऊस आणि समोरून वारा असताना, त्याने 2 तास 15 मिनिटे 58 सेकंदांत बोस्टन मॅरेथॉन जिंकली. त्याच्या गुणवत्तेशी आपली तुलना नाही, पण नोकरीने आखून दिलेल्या मर्यादेत राहून किती दूर जाता येते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

घराविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या प्रश्नात मुलीचा उल्लेख आहे, पत्नीचा नाही. लाँग रन तीन तासांची असली तरी घराला ती तीन तासांत पडत नाही. शनिवारी रात्री लवकर झोपायचे म्हणून जेवण लवकर, कोणाकडे जाणे नाही. रविवारी परत आल्यावर अंघोळ, भरपूर नाश्ता, मग डोळ्यांवर झापड, आणि दुपारी झोप. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीसकट अख्खा रविवार पत्नीने एकटीने ओढायचा. हे तिने न बोलता केले तरी ते विनामूल्य नाही. आपण तिच्याशी बसून हा पूर्ण हिशेब मांडावा आणि तितकाच सलग वेळ, मधूनमधून मिळणारा सुटा नव्हे, तिला तिच्या इच्छेप्रमाणे वापरण्यासाठी द्यावा. शनिवारची सकाळ तिची असेल, तर त्या सकाळी मुलगी पूर्णपणे आपली. माझ्या पाहण्यातल्या अनेक पुरुष धावपटूंच्या घरी ही बोलणी कधी होतच नाहीत आणि मग पती घरी असूनही मन बाहेर का, याचे उत्तर शोधले जाते. ज्याच्या मनात घराचे देणे बाकी असल्याची टोचणी आहे, त्याला रस्त्यावरही स्वस्थता मिळत नाही. घड्याळाचेही तसेच. आमच्या सासूबाईंनी एक नियम घातला आहे: "धावून ये, पण ताटावर बसशील तेव्हा घड्याळ काढून ठेव." हा नियम मला फार मोलाचा वाटतो. ॲपवर नोंद करायची असेल तर परत आल्यावर बूट काढताना करावी, आणि मग ते ॲप दुसऱ्या दिवशीच उघडावे.

आता धावतानाच्या मनाविषयी. 1977 मध्ये विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी अव्वल दर्जाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य धावपटू थकवा विसरण्यासाठी मन दुसरीकडे वळवतात, गाणी आठवतात, घराचे बांधकाम मनातल्या मनात करतात. अव्वल धावपटू मात्र बहुधा उलट करतात, श्वास, पायांचा जडपणा, खांद्यांतला ताण यांच्याकडे सतत लक्ष ठेवतात आणि त्यानुसार वेग बदलतात, असे त्यांना आढळले. क्षणात राहणे ही काही केवळ ध्यानाच्या वर्गातली गोष्ट नाही, धावण्यात ते उपयोगाचे कौशल्य आहे, आणि इतर कौशल्यांप्रमाणे ते थोडे थोडे शिकावे लागते. सुरुवातीलाच अडीच तास मन पायांवर ठेवायला जाऊ नका, ते कोणालाही जमत नाही. आठवड्यातील एक सावकाश धाव कानात काही न घालता करा आणि प्रत्येक किलोमीटरला फक्त तीन गोष्टी तपासा: जबडा आवळला आहे का, खांदे कानांकडे चढले आहेत का, पाऊल पडताना आवाज किती होतो आहे.

यासाठी नागपुरातल्या सेमिनरी हिल्स या टेकडीसारखी जागा शहरात नाही. पहाटे त्या चढावर एरवी घाईत चालणारे मन आपोआप जवळ येते, कारण चढ दुसरे काही सुचूच देत नाही. पाऊल आखूड करावे लागते, श्वास दोन पावलांना आत आणि दोन पावलांना बाहेर असा बसतो, राजभवनाच्या बाजूने मोर ओरडतो, झाडांखालून जाताना हवा एकदम थंड लागते आणि माथ्यावर उजेडात आले की थोडी ऊब जाणवते. ऑफिसचा विचार तेव्हाही येतो. आला तर त्याच्याशी भांडू नये. अमुक काम दहा वाजता करीन, एवढे त्याला सांगावे आणि पुढचे पाऊल पाहावे. या चढाचा आणखी एक फायदा आहे. मुंबईच्या मार्गावर परतीच्या वाटेला, 35 किलोमीटरनंतर, पेडर रोडचा चढ लागतो. त्या टप्प्यावर स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा बहुतेकांचा संपत आलेला असतो आणि तेथे पुढच्या सहा-सात किलोमीटरची चिंता करणारा लवकर मोडतो. सेमिनरी हिल्सवर ज्याने चढ पावलापावलाने संपवायची सवय लावून घेतली आहे, त्याला ती तेथे कामी येते.

मुंबईबद्दल एवढेच आणखी सांगते की तेथील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे नागपूरच्या कोरड्या थंडीत बसलेला वेग तसाच्या तसा तेथे मागू नये. पहिले 10 किलोमीटर सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतके सावकाश ठेवावे. घड्याळावरच्या आकड्यापेक्षा त्या दिवशी श्वासावर विश्वास ठेवावा.

राहिला लग्नाचा प्रश्न. आपण लग्नाला जावे, आणि मनात किलोमीटर न मोजता जावे. अमरावती येथून दीडशे किलोमीटर आहे. रविवारी पहाटे धावून मग गाडीत बसून मुहूर्त गाठायचा, असा बेत काही जण करतात, पण तो करू नये. तीन तास धावलेले आखडलेले पाय घेऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे आणि मांडवात आपण अर्धवट झोपेत असाल. आपल्या वेगाने 30 किलोमीटरला साडेतीन तास लागतील. अनेक प्रशिक्षक पहिल्या मॅरेथॉनसाठीची लाँग रन अंतरापेक्षा वेळेने मोजतात आणि ती तीन तासांच्या आसपास थांबवतात, कारण त्यापुढे फायदा थोडा आणि थकवा फार. तेव्हा त्या आठवड्यात शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळत असेल तर शुक्रवारी पहाटे 24 ते 25 किलोमीटर करा, शनिवारी पूर्ण विश्रांती घ्या आणि दुपारी कुटुंबासह निघा. रजा मिळत नसेल तर बुधवारी 14 करा, शुक्रवारी 10 सावकाश करा आणि 30 ची धाव पुढच्या रविवारी ठेवा. मात्र ती मॅरेथॉनच्या आधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत जाणार असेल तर सरळ सोडून द्या, तो काळ टेपरचा, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करत नेण्याचा, आहे. यापैकी कोणता पर्याय घ्यायचा हे पत्नीशी बोलून याच रविवारी ठरवा आणि कागदावर लिहून टाका. बूट गाडीत टाकायला हरकत नाही. सोमवारी सकाळी अमरावतीला वेळ मिळाला तर वडाळी तलावाकडे अर्धा तास हलके धावून येता येईल, आणि मुलगी उठलेली असेल तर तिला बरोबर घेऊन तेवढाच वेळ चालून आलात तरी सरावात काही कमी पडणार नाही.