निकॉन डी७२०० कॅमेरा: डोळे मऊ आणि कान शार्प येत असतील तर

बारशाच्या फोटोंत बाळाचे डोळे मऊ, कान शार्प. तीच ५० एमएम एफ/१.८ लेन्स लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) मात्र चोख, म्हणून डी७२०० विकायला काढताय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबा. हेच दुखणं मी भोगलंय.

व्ह्यूफाइंडरमधून फोकस होतो तो कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या एएफ (ऑटोफोकस) मॉड्यूलवर. लाइव्ह व्ह्यूमध्ये खुद्द सेन्सरवर. दोन्हींचा मेळ किंचित चुकला की बॅक फोकस, म्हणजे फोकस हव्या त्या जागेच्या मागे पडतो. पूर्ण उघड्या एफ/१.८ला २ मीटरवरून जेमतेम १०-१२ सेंटीमीटर खोली शार्प मिळते, जवळून तर त्याहून कमी. मग ५१ फोकस पॉइंट असले तरी चूक दिसणारच.

माझा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा होता. दुरुस्ती केंद्राचं नाव घेत नाही. बॉडी त्यांनी स्वतःच्या लेन्सवर तपासली, लेन्स स्वतःच्या बॉडीवर. दोन्ही 'मर्यादेत', आणि तपासणीचे पैसे मात्र दोनदा. बॉडी थोडी मागे, लेन्सही थोडी मागे, की जोडल्यावर चूक वाढते; एवढं साधं कुणी ऐकूनच घेईना. 'हात हलला असेल,' म्हणे. ट्रायपॉडवरचे फोटो होते हो! दर वेळी नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. अजून संताप होतो. म्हणून सांगतो, गेलातच तर बॉडी आणि लेन्स एकत्रच द्या, 'जोडीने तपासा' हे पावतीवर लिहून घ्या आणि नमुन्याचे फोटो सोबत ठेवा.

त्याआधी सेटअप मेनूतलं एएफ फाइन-ट्यून (फोकस थोडा पुढे-मागे सरकवायची सोय) वापरून बघा. उणे २० ते अधिक २०. तुमचा फोकस मागे जातोय, म्हणजे उणे बाजूला. दिवसाच्या उजेडात, ट्रायपॉडवर, मधला एकच पॉइंट, साधारण २ मीटर अंतर. दर फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवा आणि एका फोटोवर निकाल लावू नका. पिवळ्या बल्बखाली तपासणी नको, त्या उजेडात एएफ वेगळा वागू शकतो. आकडा त्या लेन्सपुरता साठवला जातो आणि शून्यावर परत आणता येतो, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही.

निकॉनच्याच खालच्या श्रेणीतल्या डी५६०० मध्ये ही सोयच नाही. माझं ठाम मत, मधल्या श्रेणीच्या बॉडीला जादा पैसे द्यावेत ते यासाठी; मेगापिक्सेल दोन्हीकडे २४च आहेत.

मी मेकॅनिक नाही, अनुभवावरून बोलतोय. उणे २०लाही भागलं नाही तर मात्र दुरुस्तीच. आणि झूम लेन्सला डी७२००वर एकच आकडा देता येतो, तेव्हा ज्या टोकाला जास्त फोटो काढता तिथेच तो जुळवा.