वीस वर्षं ब्रश चालवला, आता सर्टिफिकेट कुठून आणू?

समुपदेशक म्हटलं की लोकांना नवरा-बायकोची भांडणं आठवतात, नाहीतर दहावी-बारावीचे निकाल. सोलापुरात माझ्या टेबलापुढे मात्र बहुतेक वेळा कामात पक्की आणि कागदात कच्ची माणसं येऊन बसतात. यंत्रमाग सुटल्यावर वायरिंग शिकलेले, गवंडी, टेलर आणि रंगारी. त्यातल्या रंगाऱ्यांचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "एवढी वर्षं काम केलं, आता या वयात आयटीआयला पोरांच्या बाकावर बसू काय?"

अशाच एका पेंटरमामांची गोष्ट सांगते. नाव-गल्ली सांगत नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे, शिक्षण सातवी, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, आपल्या पूर्व भागात असतं तसं. चुलत्याच्या हाताखाली चुना मारण्यापासून सुरुवात केली, आता टेक्स्चर, लाकडाचं पॉलिश सगळं येतं. घरमालक त्यांना विचारून शेड ठरवतात. पण शहराबाहेरच्या एका मोठ्या साइटवर ठेकेदाराच्या माणसाने त्यांना हजेरीत हेल्पर म्हणून धरलं. "कुशल लिहायचं तर सर्टिफिकेट आणा म्हणतो ओ मॅडम. भिंत बघा म्हटलं तर हसतो."

पैशापेक्षा ते हसणं त्यांना जास्त लागलं होतं. म्हणून पहिल्या भेटीत मी योजनेचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "मामा, हा कागद तुम्हाला कुणाच्या टेबलावर ठेवायचाय?" हा प्रश्न मी सगळ्यांनाच विचारते, कारण कागद टेबलाप्रमाणे बदलतो. कामगार कल्याणाचे लाभ हवे असतील तर बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी लागते. तिथे कौशल्य कुणी तपासत नाही. मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस काम केल्याचा दाखला आणि 18 ते 60 हे वय बघतात. रंगकाम त्या यादीत बसतं. आयटीआयचा 'पेंटर जनरल' हा ट्रेड दोन वर्षांचा. त्यात गाड्यांचा रंग, बोर्ड रंगवणं असं बरंच येतं. कारखान्यात कायम नोकरी हवी असलेल्या तरुण पोराला मी तोच सांगते. मामांना काय हवं होतं? साइटवरच्या ठेकेदाराने मानावं असं काहीतरी. म्हणजे या दोन्ही वाटा त्यांच्या नव्हत्या.

"मग ते विश्वकर्मात करून द्या की," मामा म्हणाले. मेव्हण्याने सुचवलं होतं. हे मला इतक्या वेळा ऐकावं लागतं की इथे स्पष्टच लिहिते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या, कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, न्हावी, शिंपी, परीट आहेत. घरं रंगवणारा पेंटर त्यात नाही. "गवंडी म्हणून नाव टाकू" असं सुचवणारेही भेटतात. टाकू नका. उद्या कुणी थापी हातात दिली तर काय करणार?

मामांच्या कामाची वाट म्हणजे 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग', म्हणजे आधीच येत असलेल्या कामाला मान्यता. बोलताना सगळे आरपीएल म्हणतात. डिसेंबर 2013 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. त्यात माणूस काम कुठे शिकला यापेक्षा त्याला काय करता येतं याला किंमत आहे. त्यावरच आरपीएल उभं आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली आरपीएलची बॅच होते, तेव्हा उमेदवाराला फी नसते. आधी थोड्या तासांचं मार्गदर्शन, मग बाहेरच्या संस्थेचा परीक्षक येऊन काम बघतो, प्रश्न विचारतो आणि पास झालात की सर्टिफिकेट. रंगकामाचे निकष पेंट्स अँड कोटिंग्ज स्किल कौन्सिलने ठरवलेत, बांधकाम क्षेत्राच्या कौन्सिलचेही आहेत. बॅच कायम चालू नसते, मंजुरी आली की लागते. म्हणून जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात नाव आणि फोन नंबर देऊन ठेवायचा आणि विचारत राहायचं. मधल्या काळात "पैसे द्या, घरपोच सर्टिफिकेट आणतो" म्हणणारे उगवतात. खरं सर्टिफिकेट क्यूआर कोडवरून तपासता येतं. ठेकेदाराने मोबाइल धरला की घरपोचवाल्याचं पितळ उघडं पडतं.

परीक्षा म्हटल्यावर मामांचा चेहरा पडला. "मला लिवायला येत नाही पटापट." मी म्हटलं, लिहू नका, सांगा. बारा बाय दहाची खोली आहे, भिंत कशी तयार कराल?

"पुट्टी मारायची, घासायची, रंग मारायचा."

संपलं! वीस वर्षं तीन क्रियापदांत. खरा प्रश्न इथे होता. हात सगळं जाणतो, तोंडाला त्याची सवय नाही. परीक्षक समोरचं काम बघतो हे खरं, पण अर्ध्या दिवसात मार्च ते जूनच्या उन्हातलं काम कसं दाखवणार? मग मी आडून विचारायला लागले. खार फुटलेल्या भिंतीवर काय करता? मामा खुर्चीत पुढे सरकले. आधी पाणी कुठून येतंय ते बघायचं, नळ का गच्ची. प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून घाम आला तर भिंत ओली, पुट्टी लावलीत तर पापुद्रा सुटणारच. खार कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुतला तर परत आत जातो. नवीन प्लास्टरला महिनाभर तरी हात लावायचा नाही. आणि मे महिन्यात? "मे महिन्यात सावलीच्या मागनं फिरायचं. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारनंतर पूर्वेची. आपल्याकडच्या उन्हात रोलर उचलेपर्यंत रंग वाळतो, मग पट्टे दिसतात." मी हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि त्यांच्या मुलाला दिलं. रात्री जेवण झाल्यावर पोराने विचारायचं, बापाने सांगायचं.

हिशेबाचीही भीती होती, तीही अशीच गेली. त्या खोलीची उंची दहा फूट धरली तर चार भिंती 440 स्क्वेअर फूट. सात बाय तीनचं दार आणि चार बाय चारची खिडकी वजा केली की 403. मामा डोळे मिटून म्हणाले, "चारशे धरा." परीक्षकाला नेमका आकडा सांगायचा आणि गिऱ्हाइकाला चारशे, यावर आमचं एकमत झालं.

एका बाबतीत मात्र मामा कच्चे होते, आणि त्यात मी त्यांची बाजू घेणार नाही. सुरक्षितता. जुन्या दारावरचा ऑइलपेंट ते घरात पोरं खेळत असताना कोरड्या पॉलिश पेपरने घासायचे. तोंडाला काही नाही. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) करणारा नियम 2016 मध्ये आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर त्याहून किती तरी जास्त शिसं असू शकतं. ती धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. जुना ऑइलपेंट ओला करून घासायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, मास्क लावायचा, पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवायचं. मामा म्हणाले, "इतकी वर्षं काय झालं नाही." हे वाक्य उंच भिंतीला रंग देताना झुल्यावर बेल्ट न लावणारेही म्हणतात. मी वाद घातला नाही, परीक्षक याचे मार्क कापेल एवढंच सांगितलं. कधीकधी परीक्षेची भीती समुपदेशकाच्या उपयोगी पडते.

बॅच लागली तेव्हा अडचण भलतीकडेच आली. नोंदणीच्या वेळी आधारला अंगठा जुळेना. पॉलिश पेपर धरून धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या. विडी कामगार बायकांचंही आपल्याकडे तेच होतं. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असला की ओटीपीवर काम भागतं. मामांचा जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला. मग आधार केंद्र, रांग, आणि नंबर बदलेपर्यंत थांबणं. तुम्ही आरपीएलचा विचार करत असाल तर हे सर्वांत आधी उरकून टाका. आधारवरचा मोबाइल नंबर, बँक पासबुक, आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच. कामाचे फोटो ठेवा, आधीचा आणि नंतरचा. मी ते सगळ्यांनाच मागते. परीक्षकाने बघितले नाहीत तरी गिऱ्हाईक बघतंच.

त्यांच्या बॅचला प्रश्न तोंडी आणि मराठीत झाले. मामा पास झाले. हसणाऱ्या माणसाने सर्टिफिकेटचा फोटो काढून घेतला आणि पुढच्या हजेरीपासून कुशल लिहिलं. मजुरी वाढली, पण मामांनी मनात धरली होती तेवढी नाही. हे मी आधीच बजावलं होतं. खरं तर किमान वेतनात कुशल कोण हे कामावरून ठरायला हवं, सर्टिफिकेट नाही म्हणून कुणी अकुशल होत नाही. पण साइटवर कागद दाखवला की वाद लवकर मिटतो.

आभार मानायला आले तेव्हा मामी बरोबर होत्या. मी सहज विचारलं, घासायला आणि प्रायमरला कोण असतं? "हीच की," मामा म्हणाले, "पंधरा वर्षं झाली." मामींचं नाव कुठल्याच हजेरीत नाही. त्यांना कुणी पेंटर म्हटलेलं नाही, त्यांनी स्वतःही नाही. पुढच्या बॅचला सहायक पेंटर म्हणून त्यांचं नाव दिलंय. शिवाय बांधकाम कामगार नोंदणीसाठी त्यांच्या 90 दिवसांच्या दाखल्याच्या मागे आहोत. ज्या छोट्या ठेकेदारांची कामं दोघांनी मिळून केली, त्यातला एकजण सही द्यायला तयार झालाय. दुसरा म्हणतो, त्या फक्त डबा घेऊन यायच्या. त्याच्याकडे मामा स्वतःच जाणार आहेत.