तुमच्या आधी गिरणीत कोणाची बाजरी?

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहतो, घरून ग्राफिक डिझाइनची कामं करतो. दुबईच्या एका ग्राहकाने तीन लोगोंचे 850 यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) ट्रॉन नेटवर्कवरून माझ्या क्रिप्टो एक्स्चेंजच्या ॲड्रेसवर पाठवले. एक्स्चेंजने ते होल्डवर टाकले आणि ‘पैशांचा स्रोत कळवा’ असा मेल पाठवला. मित्राने ग्राहकाचा ॲड्रेस एका साइटवर तपासला तर ‘रिस्क 68, सँक्शन्स (निर्बंध), इनडायरेक्ट’ असं आलं. मी आयुष्यात सिग्नलसुद्धा तोडलेला नाही. माझ्यावर केस होईल का? दुसरा मित्र म्हणतो, पैसे सुटले की लगेच पीटूपीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकून मोकळा हो.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : सिग्नल तोडला नाहीत हे वाचून बरं वाटलं. पाम बीच रोडवर मला रोज वेगळंच दिसतं.

मी बावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची सहा केवायसीच्या टेबलावर. आता ठाण्याहून ऐरोलीची लोकल पकडते आणि दिवसभर असेच अलर्ट वाचते. त्यामुळे ‘68’ बघून माझ्या पोटात गोळा येत नाही. तो आकडा तुमच्या चारित्र्याचा नाही, पैसा ज्या वाटेने आला त्या वाटेचा आहे.

गिरणीत तुमच्या आधी कोणी बाजरी दळली असेल, तर तुमच्या गव्हाच्या पिठात पहिली मूठ बाजरीची येतेच. इथे बाजरी म्हणजे निर्बंधांशी किंवा गुन्ह्याशी जोडलेला पैसा, आणि डबा म्हणजे ॲड्रेस. स्क्रीनिंगची सॉफ्टवेअर्स हेच मोजतात : या डब्यात बाजरी किती, आणि ती थेट पडली की दोन-तीन गिरण्या फिरून आली. थेट आली तर ‘डायरेक्ट’, मध्ये इतर ॲड्रेस असले तर ‘इनडायरेक्ट’. मधल्या प्रत्येक उडीला आम्ही हॉप म्हणतो. चेनॅलिसिस, एलिप्टिक, टीआरएम लॅब्ज या कंपन्यांची मोजमापं आपापली आहेत, म्हणून एकाच ॲड्रेसला एकीकडे 68 आणि दुसरीकडे 20 येऊ शकतात. आकड्यापेक्षा मी नेहमी खालची ओळ वाचते : कोणता गट, किती डॉलर, किती हॉप.

तुम्ही पाठवलेला ग्राहकाचा ॲड्रेस मी ट्रॉनस्कॅन या ट्रॉनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर उघडला. ती साइट सगळ्यांना खुली असते. टी पासून सुरू होणारी 34 अक्षरं टाकायची की झालं. आठ दिवसांत 41 वेगवेगळ्या ॲड्रेसवरून पैसे आत, आणि बहुतेक त्याच दिवशी बाहेर. लोगो करून घेणाऱ्या माणसाचं वॉलेट असं वागत नाही. हा मला रोखीवर यूएसडीटी विकणारा एखादा दलाल वाटतो. तुमच्या ग्राहकाने बहुधा त्याला दिरहॅम दिले आणि ‘या ॲड्रेसवर पाठव’ म्हणून सांगितलं. म्हणजे बाजरी दलालाच्या डब्यातली. ग्राहकाला एवढंच विचारा : पैसे स्वतःच्या वॉलेटमधून पाठवलेस का? नसतील, तर ज्याच्याकडून घेतले त्याची पावती मागा.

‘आलेला पैसा मी नाकारणार कसा?’ असंही तुम्ही पुढे लिहिलंय. नाही नाकारता येत, खरं आहे. अमेरिकेच्या अर्थखात्याने 8 ऑगस्ट 2022 ला टोर्नेडो कॅश या मिक्सरवर (अनेकांची क्रिप्टो एकत्र मिसळून माग पुसणाऱ्या सेवेवर) निर्बंध घातले, तेव्हा कोणीतरी खोडसाळपणे तिथूनच नामवंतांच्या वॉलेटांत 0.1 इथर (हेही एक क्रिप्टो नाणं) टाकत सुटला. बसल्या जागी सगळ्यांच्या डब्यात बाजरी! मार्च 2025 मध्ये ते निर्बंध उठले. निर्बंधांच्या याद्या अशा बदलतात, म्हणून तपासलेल्या दिवसाची तारीख निकालाइतकीच महत्त्वाची. अमेरिकेची यादी भारतात थेट कायदा नाही, पण एक्स्चेंज जी सॉफ्टवेअर्स वापरतात त्यांत ती असतेच.

एक्स्चेंजवर चिडू नका. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेपासून आपल्याकडे ही मंडळी मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आहेत. संशयास्पद व्यवहार सरकारच्या एफआययूला (आर्थिक गुप्तवार्ता विभागाला) कळवणं त्यांना भाग आहे, आणि कळवलं की नाही हे ग्राहकाला सांगायची मुभा नाही. कस्टमर केअरची मुलगी तीच तीन वाक्यं पुन्हा बोलते ती त्यामुळे. बँकेत मीही बोलायचे. समोरचा माणूस ओरडायचा आणि मी पंख्याकडे बघायचे.

स्रोत सांगताना ‘फ्रीलान्सिंग’ असा एक शब्द टाकू नका. इन्व्हॉइस, ग्राहकाशी झालेले ईमेल, लोगोंच्या फायली, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक), आणि ‘अमुक तारखेला अमुक कामाचे 850 आले’ असं चार ओळींचं साधं पत्र जोडा. ग्राहकाकडची पावती मिळाली तर सोन्याहून पिवळं. एवढ्यावरून केस होण्याची भीती मला दिसत नाही. एक्स्चेंजला फाइलमध्ये लावायला कागद हवा असतो.

आता दुसऱ्या मित्राबद्दल. त्याला चहा पाजा, सल्ला घेऊ नका. पीटूपीत तुम्ही यूएसडीटी देता आणि अनोळखी खात्यातून रुपये येतात. ते रुपये कोणाच्या तरी फसवणुकीचे निघाले आणि त्या माणसाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, की माग काढत काढत तुमच्या बँक खात्यावर लीन, म्हणजे पैसे अडकवणारी रोक, लागतो. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं पगाराचं खातं 12 हजारांपायी परराज्यातल्या सायबर पोलिसांनी गोठवलं होतं. अडीच महिने त्याची आई भाजीचे पैसे रोख देत होती. साइटवरचा 68 तुमच्या गॅसचं बिल अडवत नाही, लीन अडवतो.

टॅक्सचं सीएला विचारा : विक्रीवर 1 टक्का टीडीएस आहे, नफ्यावर 30 टक्के कर. आणि परदेशी कामाचे पैसे बँकेमार्फतच यावेत ही फेमाची (परकीय चलनाच्या कायद्याची) अपेक्षा आहे, तेव्हा पुढचा लोगो देण्याआधी ग्राहकाला तुमच्या बँकेचा स्विफ्ट कोड द्या. चार दिवस उशीर होईल, होऊ दे.

प्रश्न : टेलिग्रामवर एक जण 20 यूएसडीटीत वॉलेट ‘क्लीन’ असल्याचं सर्टिफिकेट देतो. लिंकवर वॉलेट कनेक्ट करून काहीतरी अप्रूव्ह करायला सांगितलं, मी केलं. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : येणारही नाही. ॲड्रेस म्हणजे दारावरची पाटी. ती वाचायला कोणी किल्ली मागत नाही. तपासणीसाठी वॉलेट कनेक्ट करावं लागत नाही, सही लागत नाही, अप्रूव्हल तर नाहीच. तुम्ही दिलेलं अप्रूव्हल म्हणजे त्याच्या हातातला सही केलेला कोरा चेक आहे. नवीन वॉलेट काढा, त्याच्या किल्लीचे नवे बारा शब्द कागदावर लिहा, उरलेली शिल्लक आजच तिकडे हलवा, मग जुन्यावरचं अप्रूव्हल रद्द करा. हे आधी करा, 1930 ला फोन नंतर. आणि त्या माणसाला ‘माझं सर्टिफिकेट कुठे’ म्हणून मेसेज करू नका. तो आणखी 20 मागेल.