वाचक विचारतात : कान्ह इंदूरची, क्षिप्रा उज्जैनची, मग घाण कुणाची?

प्रश्न : ताई, आम्ही रामबागेतले, आजोबांच्या वेळेपासून इंदूरातच. आमचं शहर स्वच्छतेत पहिलं म्हणून आम्ही भारी मिरवतो, पण उज्जैनची नणंद आली की टोमणा ठरलेला, तुमचा सगळा मैला शेवटी आमच्या क्षिप्रेतच येतो म्हणे. कान्ह नदी तर साफ केली ना नगर निगमने? आणि दोन्ही शहरं मिळून का नाही करत हे काम?

उत्तर : नणंदबाईंचं चुकलेलं नाही हो, आणि तुमचं मिरवणंही अगदीच पोकळ नाही. निगमने काम केलंय. 2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर, म्हणजे मैलापाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं शहर, ठरलं ते उगाच नाही, 25 लहान-मोठ्या नाल्यांत उघडी सुटणारी 1,746 सार्वजनिक आणि 5,624 घरगुती ड्रेनेजची तोंडं त्यासाठी बंद करून लाइनला जोडली, हे खायचं काम नाही.

पण गंमत अशी की मैला बंद केल्यावर नदीत उरतं काय? माळव्यातल्या या छोट्या नद्या पावसाळी, थंडी सरली की त्यांना स्वतःचं पाणी जवळपास नसतंच, म्हणजे कृष्णपुरा छत्र्यांपाशी उन्हाळ्यात जे वाहताना दिसतं त्यात बराचसा भाग एसटीपीतून, म्हणजे मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधून, सोडलेल्या पाण्याचा. आता बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, ते आंघोळीच्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, आणि छान चालणारा प्लांटसुद्धा 10 पर्यंत आणतो. मिसळायला चांगलं पाणी नसेल तर तेच सांवेरच्या बाजूने पुढे जातं, वाटेत शहराबाहेरच्या नव्या कॉलन्या, गावं, सांवेर रोडचे कारखाने आपापली भर घालतात, आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत उतरतं. तिथे उभा असलेला माणूस नाव कुणाचं घेणार, इंदूरचंच ना.

मिळून करायचं तर अडतं कुठे? निगमची हद्द संपली की पंचायत, मग सांवेरची नगर परिषद, मग दुसरा जिल्हाच. प्रत्येकाला वरच्याने काय सोडलं ते भोगायचं असतं आणि खालच्याची फिकीर करायला बजेटमध्ये हेड नसतं. म्हणून मग सोपा मार्ग, 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी कान्हचं पाणी पाइपात घालून घाट टाळून पुढे काळियादेहकडे सोडलं, आता 2028 साठी त्याहून मोठा बंद डक्ट चाललाय. मला विचाराल तर हे नदी साफ करणं नाही, पाहुणे यायच्या आधी पसारा आतल्या खोलीत ढकलणं आहे. घाट स्वच्छ दिसतील, नाही म्हणत नाही मी. पण पुढे क्षिप्रेकाठीच महिदपूर आहे, तिथल्या लोकांनी काय करायचं?

आणि एकत्र बसायची सोय नाही असंही नाही बरं का. राज्यघटनेत 74 व्या दुरुस्तीने कलम 243झेडई आलंय, महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती हवी, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडायचे, आणि पाण्याची वाटणी हा विषय त्यात चक्क लिहिलेला आहे. पैसाही आहे, कान्हचं पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना करत गंगेला जातं म्हणून नमामि गंगे या केंद्राच्या योजनेतून इंदूरला 511 कोटींचे तीन एसटीपी मंजूर झालेत, मिळून 195 एमएलडीचे, म्हणजे दिवसाला साडेएकोणीस कोटी लिटरचे. माझ्या मते सगळ्यात आधी एकच गोष्ट करावी, निगमची हद्द, सांवेर आणि त्रिवेणी अशा तीन जागी दर महिन्याला पाणी तपासायचं, सगळ्यांच्या माणसांसमोर, आणि आकडे एकाच कागदावर छापायचे. कुठल्या टप्प्यात किती घाण वाढली ते दिसलं की खर्चाची वाटणी करताना भांडण तरी नीट होईल, आत्ता नुसतं एकमेकांकडे बोट आहे.

प्रश्न : आणि आम्ही घरबसल्या काय करावं?

उत्तर : बाथरूमची आणि मोरीची लाइन कुठे जोडलीय ते बघा. जुन्या वाड्यांत ती अजून पावसाच्या पाण्याच्या नालीत सापडते. तशी असेल तर पार्षदाच्या, म्हणजे आपल्या नगरसेवकाच्या, मागे लागा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नणंदेला तोंडी उत्तर नका देऊ, तिला त्रिवेणीचे आकडे तिच्या निगमकडे मागायला लावा.