गॅस गीझर नीट चालतोय, मग दरवर्षी तपासणी कशाला?

तुम्ही विचारलंय की ऐरोलीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅस गीझर आहे, पाणी छान तापतं, मग मेकॅनिकला पैसे का द्यायचे? द्या, नक्की द्या. पाणी तापणं आणि गॅस पूर्ण जळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा कमी पडली किंवा बर्नर चोंदला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला मात्र रंग नाही की वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि कळेपर्यंत माणूस बाथरूममध्ये कोसळलेला असतो.

आमच्या कोपरखैरण्याच्या घरी मेकॅनिकने कव्हर उघडलं तेव्हा बर्नरवर बोटाला लागेल इतकी काजळी होती. ज्योत निळी हवी, आमची टोकाला पिवळी होती. महिनाभर आम्ही तशीच अंघोळ करत होतो, आठवलं की आजही धस्स होतं.

मेकॅनिककडून ज्योत, बर्नर, धूर बाहेर नेणारा पाइप आणि रबरी नळी बघून घ्या. जोडांना साबणाचा फेस लावायला सांगा, बुडबुडे आले तर गळती. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आला असाल तर जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रांची तोंडं) बदललेत का, हेही विचारा. पाइप गॅसवाले मीटर तपासून गेले म्हणजे गीझर तपासला, असं धरू नका.

गीझर बाथरूमच्या आतच असेल तर मालकांना तो बाहेर हवेशीर जागी बसवायला सांगा. तोवर बादली भरून गीझर बंद करा, मगच अंघोळीला बसा.