कौले धड, अस्तर कुजलेले: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले आमचे घर मंगळुरी कौलांचे आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी तक्तपोशीच्या फळ्यांवर टारफेल्टचे (डांबरी जाड कापडाचे) अस्तर अंथरून वर रीपा (कौले टेकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या) आणि कौले चढवली होती. कौले अजून धड आहेत, पण दोन पावसाळे झाले, फळ्यांवर ओल दिसते. फक्त अस्तर बदलायला एका कंत्राटदाराने १,३४,५५० रुपये सांगितले, दुसऱ्याने २,२२,५२५. दुसऱ्याच्या कागदावर नव्या रीपा १,१०० फूट (४० रुपये फूट), उभ्या पट्ट्या ५५० फूट (३० रुपये), मोभारे, म्हणजे आढ्यावरची कौले, ३२ फूट (२५० रुपये) आणि वळचणीचा पत्रा ६४ फूट (१५० रुपये) असे वेगळे लिहिले आहे. पहिल्याने नुसती रक्कम लिहिली. कौले विकत घ्यायची नाहीत, तर एवढा खर्च कशाचा? आणि वळचणीपासून वळचणीपर्यंत घर २८ बाय ३२ फूट, म्हणजे ८९६ चौरस फूट. दोघेही १,०३५ कसे मोजतात?

उत्तर: मोजमापात फसवणूक नाही. ८९६ हे जमिनीवरचे माप झाले, कौले मात्र उतारावर बसतात. ३० अंशांच्या उताराला जमिनीवरचे माप १.१५५ ने गुणायचे. तुमचे प्रत्येक पाखे, म्हणजे छपराची उतरती बाजू, आढ्यापासून (छपराच्या माथ्यापासून) वळचणीपर्यंत सुमारे १६ फूट २ इंच भरते. ते गुणिले ३२ फूट, आणि अशी दोन पाखी. १,०३५ बरोबर आहे. त्या हिशेबाने पहिल्याचा दर चौरस फुटाला १३०, दुसऱ्याचा २१५ पडतो.

आता खर्च. भाजलेल्या मातीचे कौल ऊन-पावसाला दाद देत नाही. डांबरी फेल्ट मात्र त्याच्याखाली प्रत्येक उन्हाळ्यात तापते, त्यातला तेलकट अंश उडतो, ते कडक होते आणि आधी खिळ्यांभोवती, मग घड्यांवर तडकते. कौल हे पावसाची पहिली फळी. वाऱ्याबरोबर फटीतून आत शिरणारे पाणी अडवायचे काम अस्तराचे. म्हणून कौले शाबूत असूनही घर गळते. ते अस्तर गाठायचे तर वरचे सगळे उतरवावे लागते. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौले धरा. तुमच्या छपरावर १,५५० च्या आसपास आहेत. एकाचे वजन अडीच किलो धरले तर जवळजवळ ३.९ टन माल खाली आणायचा, ब्रशने घासायचा, निवडायचा आणि परत चढवायचा. मजुरी इथे जाते. अस्तराचा कपडा त्या मानाने स्वस्त असतो, म्हणून तो हलका घेऊन पैसे वाचवणे आम्हाला अजिबात पटत नाही.

दोन आकड्यांत ८७,९७५ रुपयांचा फरक आहे. दुसऱ्याने वेगळ्या लिहिलेल्या चार कामांची बेरीज करा: ४४,०००, १६,५००, ८,००० आणि ९,६००, म्हणजे ७८,१००. उरलेले ९,८७५ परांची आणि फुटणाऱ्या कौलांच्या बदलीचे असावेत. तेव्हा दुसरा महाग नाही. पहिल्याने बहुधा जुन्याच रीपांवर कौले परत ठेवण्याचा भाव दिला आहे, आणि अर्धे छप्पर उघडल्यावर तो ‘रीपा गेल्यात’ म्हणून वाढीव रक्कम मागेल. त्याच्याकडूनही हीच चार कामे फुटावर लिहून घ्या, मगच तुलना करा.

रीपांची संख्या स्वतः पडताळून पाहता येते. मंगळुरी कौलाला दोन रीपांमध्ये साधारण ३२ सेंटिमीटर अंतर लागते. १६ फूट २ इंच म्हणजे ४.९३ मीटर, एका पाख्याला वळचणीची धरून १७ रीपा. १७ गुणिले ३२ फूट, दोन पाख्यांचे मिळून १,०८८. दुसऱ्या कंत्राटदाराचा १,१०० हा आकडा प्रामाणिक आहे. पण आधी हातातले कौल मोजून घ्या, कारण कारखान्यागणिक माप थोडे बदलते, आणि चुकीच्या अंतरावर रीप ठोकली तर कौलांची खाच एकमेकांत नीट बसत नाही.

उभ्या पट्ट्या काहींना उधळपट्टी वाटतात. आमच्या मते सगळ्या कागदात हेच काम सर्वात मोलाचे आहे. आडवी रीप थेट फेल्टवर ठोकली की कौलाखाली उतरलेले पाणी प्रत्येक रीपेशी अडते, तिथेच मुरते आणि खिळ्याच्या भोकातून फळीत जाते. तुमच्या फळ्यांवर ओलीचे आडवे पट्टे ठराविक अंतराने दिसत असतील तर कारण हेच. अस्तरावर आधी वाशांच्या रेषेत सुमारे एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोकायच्या, त्यांवर आडव्या रीपा. मधल्या जागेतून पाणी सरळ वळचणीला जाते, आणि वारा खेळल्याने लाकूडही सुकते. वासे दोन-दोन फुटांवर असतील तर दोन्ही पाख्यांना मिळून ५५० फूट पट्टी लागते. हाही आकडा जुळतो. खिळे जस्ताचा मुलामा असलेलेच मागा, साधे लोखंडी लवकर गंजतात.

अस्तर किती लागेल? १,०३५ चौरस फूट म्हणजे ९६ चौरस मीटर. जोडावरचा भाग धरून ११० घ्या. हवा सोडणाऱ्या पडद्याचा (पाणी अडवून वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या अस्तराचा) रोल दीड मीटर रुंद आणि ५० मीटर लांब असेल तर दोन पुरतात आणि तुकडे उरतात. अंथरणे वळचणीपासून वर जायचे, म्हणजे वरची पट्टी खालचीवर चढेल. आडवा जोड किमान सहा इंच, आढ्यावर दोन्ही बाजूंची पट्टी पलीकडे फूटभर ओढलेली. आणि हे नीट वाचा: गॅसची ज्योत मारून चिकटवायची डांबरी शीट लाकडी तक्तपोशीवर लावू देऊ नका. ती काँक्रीटच्या गच्चीसाठी आहे. जुन्या सागाच्या फळ्यांत आणि त्यांच्या फटींतल्या धुळीत ठिणगी शिरली तर वरून दिसतही नाही.

लाकूड किती गेले आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, पण दर आधी ठरवता येतो. वासा बदलला तर फुटाला किती, फळी चौरस फुटाला किती, हे करारात लिहा, आणि मोजणी पाखे उघडल्यावर तुमच्यासमोर. वाळवीचे औषध अस्तराच्या आधी मारले पाहिजे. नंतर जागा मिळत नाही. संपूर्ण पाखे एकदम उघडू देऊ नका. सहा-आठ फुटांचे पट्टे दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून घेतले तर अवेळी सर आली तरी ताडपत्रीने झाकता येते आणि एकाच बाजूचा भार उतरून सांगाडा वाकत नाही. उतरवलेली कौले छपरावर ढीग करून नकोत, जमिनीवर उभी रचा.

पाच ते दहा टक्के कौले फुटणार, हे गृहीत धरा. नव्या मोरबीच्या कौलाची खाच जुन्याशी बहुधा जुळत नाही. म्हणून जुनी चांगली कौले रस्त्याकडच्या पाख्यावर एकत्र बसवा आणि मागच्या पाख्याचा हवा तेवढा भाग एकसलग नव्यांनी भरा. एकाच ओळीत दोन जातींची मिसळ करू नका. निवडताना बोटाने टकटक करा: खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द आवाज आला तर बाजूला काढा. शंका असेल त्याचे कोरडे वजन घ्या, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. अडीच किलोचे २.९ झाले तर १६ टक्के पाणी प्याले, चालेल. तीन किलोच्या वर गेले तर बदला.

वस्तू आणि सेवा कराचा प्रश्नही आताच मिटवा. नोंदणीकृत कंत्राटदार या कामावर १८ टक्के लावतो. २,२२,५२५ मध्ये तो धरला नसेल तर ४०,०५५ रुपये वाढतात. धरलाय की नाही, हे कागदावर लिहून घ्या.

प्रश्न: वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या आमच्या काटकोनी घराची फक्त दोन पाखी मिळतात तिथे गळती आहे. पूर्ण छप्पर उघडावे का?

उत्तर: नाही. त्या पन्हळीवर दोन पाख्यांचे पाणी येते, म्हणून तिथले अस्तर आणि पत्रा सर्वात आधी जातात. दोन्ही बाजूंची कौले अडीच-तीन फूट उचला, खालचे अस्तर बदला आणि किमान दोन फूट रुंद पत्रा टाका. त्याच्या दोन्ही कडा आत दुमडलेल्या हव्यात, नाहीतर जोराच्या सरीत पाणी कडेवरून फळीवर उडते. कापलेल्या कौलांमध्ये चार इंच मोकळी वाट ठेवा. ती सिमेंटने बुजवलेली दिसते, आणि गळतीचे कारण बहुतेक वेळा तेच असते. उत्तरायण झाले की पतंग आणि मांजा याच जागी अडकतो. जानेवारीअखेर आणि पहिल्या पावसाआधी असा वर्षातून दोनदा तो काढा. त्या दिवसांत छपरावर कोण चढले होते तेही विचारा, पावलाखालची कौले तडकलेली असतात.

प्रश्न: अस्तर बदलायला पैसे नाहीत. कौलांखाली निळी ताडपत्री घातली, किंवा वरून कौलांचे सगळे सांधे सिमेंटने भरले तर?

उत्तर: ताडपत्री एका पावसाळ्याच्या तातडीसाठी ठीक, पण वरून, दोरीने बांधून. कौलांखाली फळीवर कायमची घातली तर लाकडाचा दमटपणा आत कोंडतो आणि फळ्या ओल्याच राहतात. सिमेंट तर मुळीच नको. तापल्यावर कौल आणि सिमेंट सारखे फुगत नाहीत, सांधा तडकतो आणि बारीक फटीतून पाणी अधिक ओढले जाते. वर, पुढे अस्तर बदलताना एकही कौल सलामत निघत नाही, म्हणजे आज वाचवलेल्या पैशांत सगळ्या नव्या कौलांची किंमत मिळवावी लागते. पैसे कमी असतील तर नैऋत्येकडचे पाखे या वर्षी करा, कारण पावसाळी वारा तिथून मारतो, आणि दुसरे पुढच्या वर्षी. आढ्यावरचा अस्तराचा फूटभर भाग गुंडाळून मोभाऱ्यांखाली ठेवायला सांगा, म्हणजे दुसऱ्या वर्षी तोच पलीकडे ओढता येईल.

प्रश्न: काम कोणत्या महिन्यात काढावे?

उत्तर: दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत. मे महिन्यात डांबरी अस्तर उन्हाने मऊ पडते, पावलांचे ठसे उमटतात, आणि पाऊस डोक्यावर असल्याने कंत्राटदार रीपा घाईत ठोकतो. चार-पाच जणांच्या टोळीला पहिल्या प्रश्नातल्या घराएवढ्या एका पाख्याला साधारण आठवडा लागतो. पैसे तीन टप्प्यांत द्या: माल आल्यावर, पहिले पाखे बंद झाल्यावर, आणि उरलेले दुसऱ्या पाख्यावर नळीने तासभर पाणी सोडून आतून फळी कोरडी दिसल्यावर.