आयरिश पेन्शनच्या फाइलवर ‘नामंजूर’ लिहिलंय, म्हणजे आजोबा लढलेच नव्हते का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाईंचे आजोबा आयर्लंडमधल्या टिपरेरीचे. घरात सगळे त्यांना ‘आयआरएचे’ (इंग्रजांशी लढलेल्या आयरिश रिपब्लिकन आर्मीचे) म्हणून ओळखतात आणि त्यांचं पदकही जपून ठेवलंय. आता डब्लिनच्या लष्करी अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्यांची पेन्शनची फाइल सापडली, तर १९३५चा अर्ज १९४१ मध्ये नामंजूर. शेवटच्या पत्रात ‘हा कायदा ज्यांना लागू होतो अशा व्यक्तींपैकी अर्जदार नाहीत’ एवढंच वाक्य. सासूबाईंना सांगावं का, आणि आजोबांनी थापा मारल्या असतील का?

खुशाल सांगा. ते वाक्य छापील साच्यातलं आहे, हजारो घरांत तसंच गेलंय. १९५७च्या एका सरकारी टिपणातला हिशेब असा की १९२४ आणि १९३४च्या दोन्ही कायद्यांखाली मिळून सुमारे ८२,००० अर्ज आले, त्यातले १५,७०० मंजूर झाले आणि ६६,३०० फेटाळले गेले. पाचातल्या चौघांना नकार. एवढे सगळे लोक खोटारडे असणं शक्य नाही. काही होतेच, पैशाचा मामला आहे. पण बहुतेकांचं घोडं अडलं ते कायद्याच्या भाषेत.

ब्रिटनशी झालेल्या करारावरून आयरिश लोकांतच पेटलेलं यादवी युद्ध १९२३ मध्ये संपलं तेव्हा कराराच्या बाजूचे लोक सत्तेवर होते. त्यांनी १९२४चा सेवा-पेन्शन कायदा केला, तो स्वतःच्या माणसांसाठी. इंग्रजांशी लढला असलात तरी पुढे यादवीत नव्या राष्ट्रीय सैन्यात असलात तरच पात्र. कराराच्या विरोधात गेलेले सगळे बाहेर. कराराच्या विरोधातले नेते डी व्हॅलेरा यांचा फिअना फॉल पक्ष १९३२ मध्ये सत्तेवर आला आणि १९३४च्या कायद्याने विरोधकांना आणि कमन ना मॉन या महिला संघटनेला दार उघडलं. सासूबाईंच्या आजोबांचा अर्ज १९३५चा आहे, म्हणजे याच लाटेतला. ते यादवीत कराराच्या विरोधात असण्याची शक्यता मोठी, निदान राष्ट्रीय सैन्यात तरी नसावेत. (फाइलच्या क्रमांकावरूनही कायदा कळतो: ‘२४एसपी’ असेल तर १९२४चा, ‘एमएसपी३४’ असेल तर १९३४चा.)

आता खरी मेख. पेन्शन मिळायला ‘सक्रिय सेवा’ दाखवावी लागे, आणि सक्रिय सेवा म्हणजे काय हे कायद्याने कुठेच नीट सांगितलं नव्हतं. ते ठरवायचं काम निवाडा अधिकारी आणि त्याच्या सल्लागार समितीचं. डब्लिनमधल्या ईस्टर १९१६च्या ब्रिटिशविरोधी उठावात होता, हल्ल्यात प्रत्यक्ष बंदूक धरली, पोलीस बराकीवर चालून गेला, अशांची बाजू भक्कम. पण रस्ते खणून ठेवणं, झाडं आडवी पाडणं, निरोप पोचवणं, रात्रभर टेहळणी करणं, फरारी लोकांना घरात ठेवणं? आयआरएच्या खेड्यापाड्यातल्या कंपन्यांतल्या (म्हणजे लहान तुकड्यांतल्या) बहुसंख्य माणसांनी हेच केलं. पकडले गेले असते तर तुरुंग ठरलेला होता, कधी त्याहून वाईट. पेन्शनच्या टेबलावर मात्र ही ‘नेहमीची कामं’ ठरली.

आपल्याकडे हे वेगळं नव्हतं. १९७२ च्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनला सहा महिन्यांचा तुरुंगवास हा सर्वसाधारण निकष होता आणि भूमिगतांना दाखले जमवत फिरावं लागे. साताऱ्याच्या प्रतिसरकारात रानात भाकरी पोचवणाऱ्या बाईने कसला दाखला आणायचा? उलट बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांची केवढी मोठी चौकशी झाली ते आठवत असेलच. कागद नसलेला खरा माणूस बाहेर आणि कागद असलेला खोटा आत, हे दोन्ही होतं.

पदकाचं म्हणाल तर ते उलटून-पालटून नीट बघा. १९१७ ते १९२१ च्या सेवेचं पदक १९४२ पासून वाटलं गेलं. फीत काळी आणि मातकट, त्यामुळे लोक त्याला ‘ब्लॅक अँड टॅन’ पदक म्हणतात. ब्लॅक अँड टॅन्स म्हणजे ब्रिटिशांनी आयर्लंडमध्ये आणलेले जादा पोलीस; ज्यांच्याशी लढले त्यांच्याच नावाने पदक! फितीवर ‘कोमराक’ (आयरिश भाषेत ‘लढा’) असं लिहिलेली धातूची आडवी पट्टी असेल तर सक्रिय सेवा मान्य झालेली. पट्टी नसेल तर ११ जुलै १९२१च्या युद्धबंदीआधीचे तीन महिने माणूस संघटनेत सदस्य होता एवढं मान्य. माझा अंदाज, तुमच्याकडचं पदक बिनपट्टीचं निघेल. तसं असेल तर पदक आणि नामंजुरी यांत काहीच विसंगती नाही: ‘होते’ हे सरकारने मानलं, ‘लढले’ हे मानलं नाही.

फाइल वाचताना मी शेवटचं पत्र बाजूला ठेवतो आणि आधी अर्जाचा फॉर्म काढतो. त्यात काळाचे तुकडे पाडलेले असतात: ईस्टरचा आठवडा, मग साधारण एप्रिल ते मार्च अशी वर्षं, मग युद्धबंदीपर्यंतचे महिने, मग यादवी. प्रत्येक तुकड्यात काय केलं, वरचा अधिकारी कोण, साक्षीदार कोण. कुठला रकाना भरगच्च आहे आणि कुठला कोरा, यावरून बरंच कळतं. त्यानंतर शपथेवरच्या जबाबाचे टंकलिखित प्रश्नोत्तर, असतील तर. हा भाग सोन्यासारखा आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची रात्र, बंदूक कोणाच्या हातात होती, गोळी झाडली का, असं खोदून विचारलेलं असतं आणि शेतात राबणारा मध्यमवयीन माणूस आठवून आठवून उत्तरं देतो. तारखा चुकतात. तेवढ्याने त्याला खोटा ठरवू नका.

साक्षीदारांकडे मात्र बारीक लक्ष द्या. जुन्या अधिकाऱ्याची शिफारस लागत असे, आणि यादवीत तो समोरच्या बाजूला गेलेला असेल, अमेरिकेला निघून गेला असेल किंवा मेला असेल, तर अर्जदाराचं अवघड व्हायचं. गावातली जुनी भांडणंही या पत्रांतून डोकावतात. कोणी फक्त ‘ओळखतो, चांगला माणूस होता’ एवढंच लिहून दिलं असेल तर समजा, अर्ज तिथेच गळाला.

मंजूर झालेल्यांचाही मान राखला गेलाच असं नाही. ए ते ई अशा हुद्द्यानुसार श्रेणी होत्या आणि बहुतेक जण तळाच्या ई श्रेणीत. वेस्ट कॉर्कमध्ये ज्यांच्या तुकडीने ब्रिटिशांना जेरीस आणलं त्या टॉम बॅरींनाही आधी बी श्रेणी दिली, ते संतापून भांडले तेव्हा ए मिळाली.

आणि फक्त आजोबांवर थांबू नका, आजीचंही नाव टाकून बघा. बायकांची कहाणी जास्त बोलकी आहे. मार्गारेट स्किनिडर ही ग्लासगोकडची गणिताची शिक्षिका. १९१६ च्या उठावात तिने नेम धरून गोळीबार केला आणि हार्कोर्ट स्ट्रीटजवळ तिला तीन गोळ्या लागल्या. १९२५ मध्ये तिने जखमेच्या पेन्शनसाठी अर्ज केला तेव्हा कायदेशीर सल्ला आला की कायद्यातला ‘सैनिक’ पुल्लिंगी अर्थानेच घ्यायचा. तीन गोळ्या खाल्लेली बाई व्याकरणात बसली नाही! तिला पेन्शन मिळालं १९३८ मध्ये. १९३४च्या कायद्यातही कमन ना मॉनच्या बायकांना वरच्या श्रेणी बंदच होत्या, फार तर डी.

जाता जाता, आपल्या लोकांना रस वाटेल असा एक कप्पा याच संग्रहात आहे. जून १९२० मध्ये पंजाबात जालंधरला ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी, घरी ब्लॅक अँड टॅन्स करत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ शस्त्रं खाली ठेवली. बंड सोलनलाही पसरलं. जेम्स डेलीला २ नोव्हेंबर १९२० रोजी दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. वाचलेल्यांसाठी आयर्लंडने १९३६ मध्ये स्वतंत्र पेन्शन कायदा केला. भारतातल्या बंडाची साक्ष डब्लिनच्या रॅथमाइन्समधल्या कॅहल ब्रुहा बराकीत जपलेली आहे.

आता तुम्ही काय करायचं ते. टिपरेरीत एक नव्हे, तीन ब्रिगेड होत्या. आधी आजोबांची कोणती ते गाव आणि परगण्यावरून ठरवा. मग त्याच संकेतस्थळावर कंपन्यांच्या नावांच्या याद्या बघा. ११ जुलै १९२१ आणि १ जुलै १९२२ या दोन तारखांना कोण कोण होतं, ते १९३०च्या दशकात जुन्या अधिकाऱ्यांच्या समित्यांनी लिहून दिलंय. त्यात नाव असेल तर सासूबाईंना दाखवायला तो कागद नामंजुरीच्या पत्रापेक्षा मोलाचा. ब्रिगेडच्या कारवायांचे अहवालही आहेत, त्यांत कधी कधी कोणत्या हल्ल्यात कोण कुठे उभा होता इथवर तपशील मिळतो. आयरिश नावांचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, एकाच गावात एकाच नावाचे चार जण असतात, म्हणून १९११च्या जनगणनेशी (तीही ऑनलाइन फुकट आहे) वय आणि घर ताडून घ्या.

अजून एक. १९४९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन फेटाळलेल्यांना पुन्हा दाद मागता आली. फाइलमध्ये त्यानंतरचं एखादं पत्र आहे का बघा. १९४१चा नकार शेवटचा नसेलही. शिवाय अटींत बसणाऱ्या गरजू पदकधारकांना १९४३ च्या कायद्यापासून वेगळा विशेष भत्ता मिळे, त्याची फाइल निराळी असते आणि शोधात वेगळ्या क्रमांकाने येते. कंपनीचं नाव हाती लागलं की इथे लिहा, अहवालातलं नेमकं पान शोधायला मदत करतो.